मर्लला विचार

"छे छे, मला काय करायचंय एवढं मोठं घर," मर्ल म्हणाला, आणि कॉफीचा कप टेबलावर उगाचच गोल फिरवत राहिला.

समोर नोरीन बसली होती. मी सिंकपाशी उभी राहून काचेची भांडी पालथी करत होते आणि त्यांच्या बुडाला चिकटवलेल्या पट्ट्यांवरची नावं वाचत होते. नोरीनची आई, ओटिली ब्रँडवी, ऑगस्टात गेली. तेव्हा अख्ख्या लिंडन गावाने या घरी चीज घालून भाजलेले बटाटे पोचवले होते, आणि ऑक्टोबर संपत आला तरी भांडी आपापल्या घरी परतली नव्हती. माझं भांडं न्यायला म्हणून मी रस्ता ओलांडून आले, आणि नेमका हा विषय निघाला. मग मी भांडं जरा सावकाशच शोधायला लागले.

नोरीनने विचारलं होतं ते अगदी सरळ. आईची इच्छा होती, घर विकायचं झालं तर आधी मर्लला विचारायचं. तुम्ही इतकी वर्षं वरच्या मजल्यावर भाड्याने राहताय, घराच्या सगळ्या खाचाखोचा तुम्हाला ठाऊक आहेत, किमतीचं तुम्हाला झेपेल असंच करू. तिने आकडा सांगितला तेव्हा माझ्या हातातलं भांडं निसटता निसटता राहिलं. त्या पैशांत हल्ली आमच्याकडे गॅरेजसुद्धा मिळत नाही. डेटन शहर अर्ध्या तासावर आलंय, म्हणजे शहर आहे तिथेच आहे, पण तिथली माणसं स्वस्त घरं शोधत आमच्यापर्यंत येऊन पोचली आहेत.

"माझा एकट्याचा जीव," मर्ल पुढे म्हणाला. "वरच्या दोन खोल्या पुष्कळ झाल्या."

मला यात काही वावगं वाटलं नाही. आमच्याकडे पहिल्या विचारण्याला कोणी हो म्हणत नाही. पहिलं नको म्हणजे, तुम्ही बोललात ते ऐकलं, एवढंच. दुसऱ्या नकोच्या वेळी समोरचा खरंच द्यायला बसलाय की तोंडदेखलं बोलतोय ते बघायचं असतं. तिसऱ्यांदा विचारलं की मग मान जरा वाकडी करून म्हणायचं, "बरं, तू एवढं म्हणतेसच तर." केकचा तुकडा असो, गाडीने सोडणं असो, नाहीतर लग्नाची मागणी असो. लिऑनने मला तीनदा विचारलं होतं, आणि दुसऱ्या-तिसऱ्या खेपेच्या मध्ये एक अख्खा पावसाळी आठवडा गेला होता. तो आठवडा कसा काढला ते माझं मला माहीत.

"बरं," नोरीन म्हणाली, आणि तिने मोठा श्वास सोडला. "स्पष्ट सांगितलंत ते फार चांगलं केलंत मर्ल. मला वाटत होतं हे बोलणं अवघड जाईल."

मर्लने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी भांड्यांकडे पाहिलं.

तरी अजून निरोप बाकी होता. आमच्या गावात निरोप एकदा टेबलावरून उठताना होतो, एकदा दारात, एकदा पायऱ्यांवर, आणि शेवटचा गाडीच्या खिडकीशी. खरी कामाची बोलणी तिथेच होतात. मर्ल तिची पिशवी घेऊन मागे मागे चालत होता, प्रत्येक टप्प्यावर जरा रेंगाळत होता. नोरीन मात्र उठली ती एका दमात सगळ्यांना बाय म्हणून गाडीत जाऊन बसली. खिडकीची काच खाली झाली, मर्ल वाकला, आणि तिने पिशवी घेतली, आभार मानले, काच वर केली.

गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत तो हात वर करून उभा होता.

"पुन्हा विचारेल ती," तो मला म्हणाला.

मर्ल स्टुकनबर्गला आमच्या गावात सगळे ओळखतात, पण त्याच्याबद्दल सांगायला गेलं तर कोणाकडेच दोन वाक्यांच्या वर काही नसतं. तो धान्याच्या कोठीवर वजनकाट्याच्या खोलीत बसतो. मक्याचे, सोयाबीनचे ट्रक काट्यावर येतात, तो खिडकीतून हात दाखवतो, ट्रक पुढे जातात. तरुणपणी बायको सोडून गेली, तेव्हा एक हिवाळा काढण्यापुरता म्हणून तो ओटिलीच्या वरच्या खोल्यांत आला. नंतर त्याने दुसरी जागा शोधल्याचं कोणी पाहिलं नाही, आणि ओटिलीनेही कधी विचारलं नाही. इतक्या वर्षांत तो तिला मिसेस ब्रँडवीच म्हणत आला.

भाडेकरू असावा तर असा, असं ओटिली म्हणायची. परक्याच्या भिंतीला खिळा कसा ठोकायचा म्हणून त्याने एक चित्र लावलं नाही. आईवडिलांचा फोटो कपाटाला टेकवून जमिनीवर ठेवलेला. संध्याकाळनंतर घरात नुसत्या मोज्यांनी चालायचा, खाली ओटिलीला त्रास नको. ती गेल्यावरही तसंच चालू होतं. खाली रिकामं घर, आणि वर हा मोज्यांनी चालतोय. बाकी घराचं म्हणाल तर तळघरातली भट्टी, छपराची पन्हाळ, मागचे टोमॅटो, सगळं त्याच्या हाताखालचं. शुक्रवारी चर्चच्या हॉलमध्ये मासे तळतात, तिथून दोन ताटं घेऊन यायचा आणि दोघं स्वयंपाकघरात बसून खायचे. फार बोलायचे असंही नाही. मी एकदोनदा खिडकीतून पाहिलंय, ओटिली काहीतरी सांगतेय आणि हा माशातले काटे बाजूला काढतोय.

तर तो वाट बघायला लागला. कापणीचा हंगाम होता, कोठीवर उसंत नव्हती, तरी संध्याकाळी आमच्या पोर्चवर येऊन बसायचा. आधी हवेचं बोलायचा, मग मक्यातल्या ओलीचं, मग हळूच म्हणायचा की स्वयंपाकघराला फिका पिवळा रंग बरा दिसेल. मी म्हटलं, दिसेल. पुन्हा एकदा म्हणाला, पोर्चच्या खांबांचं लाकूड खालून कुजलंय, भाडेकरूने ते बदलणं बरं दिसत नाही, पण घरमालकाने बदलायला हरकत नाही. बोलून झाल्यावर लाजला. इतका खूश मर्ल मी कधी पाहिला नव्हता, आणि खरं सांगायचं तर मला तो बघवतही नव्हता.

"तिला फोन कर," माझा नवरा लिऑन म्हणाला.

"आणि काय सांगू?"

"सांग, घर हवंय म्हणून."

मर्लने त्याच्याकडे असं पाहिलं की जणू लिऑनने त्याला चर्चमध्ये कपडे काढायला सांगितलेत. "मी कसं सांगणार? तिने विचारायचं असतं," तो म्हणाला.

"भीड भिकेची बहीण," लिऑन म्हणाला. तो हे सांगू शकतो, कारण लग्नानंतर त्याला कोणाकडे काही मागावं लागलेलं नाही, मी मागते.

शेवटी मीच नोरीनला फोन केला. तिच्या गुडघ्याची चौकशी केली. तिच्या ऑफिसचं विचारलं. ती शहरात कुठल्याशा मोठ्या कंपनीत माणसांची भांडणं मिटवायचं काम करते. आमच्याकडे धुकं पडतंय हे सांगितलं. मग म्हटलं, मर्ल तसा बरा आहे. घराची काळजी अगदी स्वतःचं असल्यासारखी घेतो हो. पोर्चच्या खांबांकडे सारखा बघत असतो. नोरीन म्हणाली, हो, फार चांगला माणूस, आईला त्याचा केवढा आधार होता. मी म्हटलं, हो ना, असा माणूस या घरात असला की घरालाही बरं वाटतं. ती म्हणाली, खरंय. आणि आम्ही फोन ठेवला.

मी लिऑनला म्हटलं, घे, आता तर तिला सगळं कळलं. याहून उघड आणखी काय बोलणार? लिऑन म्हणाला, ताकाला जाऊन भांडं लपवलंस. मला राग आला, कारण माझ्या मते मी भांडं चांगलं तिच्या नाकासमोर धरलं होतं. आमच्या सासूने तेवढ्यावर घर सोडा, शेतसुद्धा लिहून दिलं असतं.

पण नोरीन याच गावात वाढलेली. अठराव्या वर्षी गेली, तरी अठरा वर्षं काही कमी नसतात. तिला हे कळत नाही असं कसं होईल? की कळतं, पण शहरात राहून विसरली? की विसरली नाही, आणि पहिल्या नकोचा फायदा घेऊन मोकळी झाली? पण तसं असतं तर एवढी कमी किंमत सांगितलीच कशाला? मी रात्रंदिवस हेच उलटसुलट करत होते, आणि जितका विचार करावा तितकं कमी कळत होतं.

पुढच्या आठवड्यात अंगणात विक्रीचा फलक उभा राहिला.

मर्ल कामावरून आला, ट्रक रस्त्यातच थांबवून फलकाकडे बघत बसला. मी हातातलं काम टाकून बाहेर गेले. मला वाटलं, आता तरी हा काहीतरी बोलेल, चिडेल. तो खाली उतरला आणि म्हणाला, "जरा तिरका बसवलाय." मग त्याने तो सरळ केला.

त्याचं म्हणणं पडलं की हेच नोरीनचं दुसऱ्यांदा विचारणं आहे. तोंडाने पुन्हा विचारायला तिला संकोच वाटत असेल, म्हणून फलक लावला. मी म्हटलं, फलकाला नको कसं म्हणतात? त्याने शनिवारी गवत कापलं, तेव्हा फलकाच्या भोवतीचं गवत हाताने कात्रीने नीट कापलं. थडग्याभोवती कापतात तसं.

गावात दोन तट पडले. सकाळी कॉफीला बसणारे काटेवाले आणि ट्रकवाले यांच्यातल्या निम्म्यांचं म्हणणं, नोरीनने तोंडदेखलंच विचारलं होतं. आईची इच्छा, बोलून दाखवली, सुटली. मर्लने नको म्हटलं तेच शहाणपणाचं, नाहीतर पोरीची पंचाईत झाली असती. उरलेल्यांचं म्हणणं, तिने मनापासून विचारलं, आणि मर्लच्या तोंडाला कुलूप होतं. दोन्हीकडचे लोक मर्लच्या देखतच हे बोलायचे. मर्ल दोन्हीकडे मान हलवायचा. एका दिवशी त्याला वाटायचं, बरं झालं आपण हो म्हटलं नाही, केवढी शोभा झाली असती. दुसऱ्या दिवशी वाटायचं, आज नक्की फोन येईल. नुसतं तळ्यात-मळ्यात. काट्याच्या खोलीत एकदा त्याने भरलेला ट्रक रिकामा म्हणून पुढे सोडला. ड्रायव्हरलाच परत येऊन सांगावं लागलं. असं त्याच्या हातून कधी झालं नव्हतं, आणि त्या दिवशी तो आमच्याकडे आलाच नाही.

मग घर बघायला टेसा आणि कोल्बी आले. शहरातलं तरुण जोडपं. घर दाखवणारी बाई वाटेत अडकली होती, आणि ती दोघं अंगणात गारठ्यात उभी होती. मर्लने वरून पाहिलं. माणसं बाहेर कुडकुडत असताना वर बसून राहणं त्याच्याच्याने होईना. तो खाली गेला, दार उघडलं, आणि त्यानेच त्यांना घर दाखवलं.

ते सगळं त्याने मला संध्याकाळी सांगितलं. जाताना त्याने मनाशी पक्कं केलं होतं की घरातलं वाईट तेवढंच सांगायचं. खोटं काही नाही, पण एक दोष लपवायचा नाही. तळघरात नेऊन तो म्हणाला, इथे पाणी येतं. मग त्याला वाटलं, हे काही पूर्ण खरं नाही. म्हणजे यायचं, तो म्हणाला, पण मी उपसायचा पंप बसवला, वीज गेली तरी चालतो, आता कोरडं असतं. भट्टी जुनी आहे, म्हणाला. पण तिचा पंखा मी बदललाय, अजून वीस हिवाळे काढेल. मागची खिडकी अडकते. अशी जरा उचलून ढकलली की नाही अडकत. पन्हाळीत पानं साचायची, जाळी लावली. जिना करकरायचा, आता फक्त तिसरी पायरी करकरते, आणि ती मुद्दाम ठेवलीय, कारण मिसेस ब्रँडवींना मी घरी आलो ते कळायला हवं असायचं.

"आणि मग?" मी विचारलं.

"मग ती मुलगी रडायला लागली," मर्ल गोंधळून म्हणाला. "म्हणाली, आम्ही इतकी घरं पाहिली, पण असं कोणी जपलेलं पाहिलं नाही."

त्यांनी वरच्या खोल्यांचंही विचारलं होतं. कोल्बी म्हणाला, तुम्ही इथे भाड्याने राहता ना, आम्हाला अवघड वाटतं, पण उन्हाळ्यात बाळ येणार आहे, वरच्या खोल्या लागतील. तुमची काही अडचण नाही ना?

"मी काय म्हणणार?" मर्ल मला म्हणाला. "अभिनंदन केलं."

मला त्याची कीव आली आणि त्याच्या तोंडात मारावंसंही वाटलं, दोन्ही एकदम. मी त्याला जेवून जा म्हटलं. तो नको म्हणाला, मी पुन्हा म्हटलं, पुन्हा नको म्हणाला, मी तिसऱ्यांदा म्हटलं आणि तो बसला. निदान आमच्या घरात तरी अजून सगळं सुरळीत चालू होतं.

नोव्हेंबर संपता संपता व्यवहार झाला. शहराच्या वाटेवर, महामार्गाला लागून नवी भाड्याची घरं झाली आहेत, सगळी एकाच राखाडी रंगाची. तिथे मर्लने एक खोली घेतली. तिथल्या ऑफिसातल्या मुलीने त्याला आधीच्या घरमालकाचा फोन नंबर मागितला, भाडेकरू कसा होता ते विचारायला. मर्ल म्हणाला, त्या आता चर्चमागच्या टेकडीवर असतात. मुलीने विचारलं, तिथे फोन कधी केला तर चालेल? दफनभूमीत फोन नसतो हे तिला तोंडावर सांगणं त्याला बरं वाटेना. तिने शेवटी तो रकाना तसाच सोडला.

जायच्या दिवशी सामान ते किती. एक सोफा, पलंग, कपाट, टोमॅटोच्या काठ्या. लिऑनने आणि त्याने सगळं दुपारपर्यंत ट्रकमध्ये भरलं. मी सँडविच घेऊन गेले. मर्लने खाली-वर सगळं झाडून घेतलं होतं, पायऱ्यांवर बर्फासाठी मीठ टाकलं होतं, नव्या लोकांचा पाय घसरायला नको. तेवढ्यात नोरीन आली. सकाळीच शहरात सह्या करून आली होती, किल्ल्या ठेवायला. नवी माणसं संध्याकाळी येणार होती.

तिने घरातून एक फेरी मारली आणि डोळे पुसत बाहेर आली. आम्ही तिघं अंगणात उभे होतो. ती गाडीपाशी गेली, दार उघडलं, आणि बसता बसता थांबली.

"मर्ल, एक विचारू?" ती म्हणाली. "तुम्हाला घर खरंच नको होतं ना? मला सारखं आपलं वाटत राहिलं."

विचारलं. सह्या झाल्यावर, पण दुसऱ्यांदा विचारलं. मी तोंड उघडलं, आणि मर्लने माझ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं, डोळे वटारले वगैरे काही नाही. मी तोंड मिटलं.

"नको गं," तो म्हणाला. "कशाला उगाच जिवाला लावून घेतेस."

नोरीनच्या खांद्यांवरून ओझं उतरल्यासारखं झालं. ती गाडीला टेकली आणि हसली, ओल्या डोळ्यांनीच. आईची आठवण आली असावी, कारण आईबद्दलच बोलायला लागली. "शेवटी शेवटी तिचं काही खरं नव्हतं हो," ती म्हणाली. "एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बोलायची. हॉस्पिटलात माझा हात धरून म्हणाली, मर्लला विचार. मी म्हटलं, विचारते. पुन्हा म्हणाली, मर्लला विचार. मी म्हटलं, हो आई, विचारते. जरा वेळाने डोळे उघडून पुन्हा तेच, मर्लला विचार. तीनदा. बिचारीला आठवतच नव्हतं, आपण आत्ताच हे बोललोय म्हणून."

लिऑन सोफ्याला बांधलेला दोर पुन्हा सोडून पुन्हा बांधायला लागला. ओटिलीला काहीही विसरायला झालेलं नव्हतं. जायच्या चार दिवस आधी तिने मला फोन करून सांगितलं होतं की माझी चाळणी तुझ्याकडे आहे, आणि ती दोन इस्टरपासून आहे. तिने पोरीला सांगितलं ते नीट मोजून सांगितलं होतं. आणि पोरीने तिला तीनदा वचन दिलं होतं, अगदी मनापासून. म्हणजे ती लबाड नव्हती, तोंडदेखलंही विचारत नव्हती. इतके दिवस मला हेच तर हवं होतं कळायला, आणि आता कळलं तर मला ते कुठे ठेवावं ते समजेना.

मर्लने टोपी काढली, आतून पाहिली आणि पुन्हा डोक्यावर ठेवली. आत्ता तो दोन शब्द बोलला असता तर नोरीन तिथेच मातीत बसली असती. घर काही परत आलं नसतं. तेवढं त्यालाही दिसत असणार.

"वयाने होतं तसं," तो म्हणाला.

"हो ना," नोरीन म्हणाली.

ती गाडीत बसली. मर्लने दार धरलं होतं, ते त्याने हळूच लावलं, तिचा कोट अडकत नाही ना बघून. मग तो आपल्या ट्रकमध्ये चढला. ती शहराकडे गेली, तोही त्याच रस्त्याने तिच्या मागोमाग गेला, कारण त्याची नवी खोली त्याच बाजूला होती.

जानेवारीत लिऑनला आणि मला त्याच्याकडे जायला जमलं. मी एक केक नेला होता. खोली गरम होती, पण भट्टीचा आवाजच नव्हता; मर्ल म्हणाला, चालू आहे की बंद ते कळत नाही, म्हणून मी अधूनमधून जाळीवर हात ठेवून बघतो. वरच्या मजल्यावर कोणीतरी बूट घालून इकडून तिकडे चालत होतं. शेजारी कोण राहतं विचारलं तर त्याला माहीत नव्हतं. आईवडिलांचा फोटो इथेही खालीच होता, कपाटाला टेकवलेला. कोठीवर आता काम नसतं, त्यामुळे बराच वेळ घरी असतो, म्हणाला. आम्ही हवेचं बोललो. मग तेही संपलं. ओटिलीच्या घराचं कोणीच काढलं नाही. मी त्याला टेसाने स्वयंपाकघराला कुठला रंग दिला ते सांगणार होते, पण नाही सांगितलं.

मग आम्ही उठलो. मी म्हटलं, "रविवारी जेवायला ये आमच्याकडे."

"हो," मर्ल म्हणाला.

पुढचं वाक्य माझ्या तोंडात तयार होतं, अरे ये की, त्यात काय एवढं. त्याचं आता काय करायचं ते मला कळेना. लिऑन माझ्याकडे बघायला लागला. दारात पोचलो तेव्हा सवयीने मी म्हटलंच, "ये की. असंही मी बटाटे करणारच आहे."

"हो, येतो."

आम्ही बाहेरच्या पायऱ्यांवर आलो. तोही मागोमाग आला. माझ्या जिभेला राहवेना. "लिऑनलाही बरं वाटेल," मी म्हटलं.

"येतो म्हटलं ना इर्मा," तो म्हणाला, आणि आत जाऊन कोट घेऊन आला. एक बाही त्याने घातलीसुद्धा.

त्या दिवशी बुधवार होता.